थंडीत रायफलची गोळी खाली का लागते? फौजी, नेमबाज आणि परवानाधारकांसाठी माहिती

जयसिंगपूर : शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, जिथं घरटी एक तरी फौजी सापडतो. बर्फातल्या ड्युटीत रायफलचं काय होतं, हे त्यांना सांगायला नको. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना मात्र हे माहीत असलेलं बरं.

थंडीत काडतुसातला दाब वाढतो, असा बऱ्याच जणांचा समज आहे. होतं उलटं. गार दारू सावकाश पेटते, त्यामुळं नळीतला दाब कमी भरतो आणि गोळीचा वेग घटतो. तापमानात ३०-४० अंशांचा फरक पडला, तर सेकंदाला १० ते २० मीटरनं वेग कमी होऊ शकतो. ते दारूच्या जातीवर अवलंबून आहे. त्यात गार हवा दाट असते. ३५ अंशांपेक्षा १० अंशांची हवा सुमारे ९ टक्के दाट, म्हणजे गोळीला अडथळा जास्त. १०० मीटरवर हे कळतही नाही, पण ५०० मीटरवर गोळी वीतभर खाली जाऊ शकते.

सियाचीनची गोष्ट वेगळी. तिथं पारा उणे ५० च्या आसपास जातो, पण उंचीमुळं हवा इथल्या जवळपास निम्मीच. त्यामुळं अडथळा कमी होऊन गोळी वरही लागू शकते. म्हणूनच नव्या जागी गेल्यावर रायफल परत झिरो करावी लागते.

आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं. दोघांचेही प्रकार ५० मीटर रायफलचे. त्या पॉइंट टू-टूच्या खेळात मिलिमीटरवर गुण जातात, म्हणून नेमबाज काडतुसांचा लॉट तपासूनच घेतात.

खरा धोका पुढं आहे. घट्ट झालेल्या तेला-ग्रीसमुळं फायरिंग पिन हळू आपटते, टोपी नीट पेटत नाही. घोडा ओढला, नुसतं 'टक्' झालं, तर लगेच बोल्ट उघडू नका. बार उशिरानंही उडतो. नळी मोकळ्या दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा. आवाज फुसका आला, तर दुसरी गोळी अजिबात झाडू नका. पहिली नळीतच अडकलेली असू शकते. आधी बंदूक रिकामी करा, मग नळी आरपार बघा. पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बारा बोअर ठेवणाऱ्यांनाही हे लागू आहे.

आपल्याकडं थंडीपेक्षा ऊन जास्त घातक. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत तापलेल्या काडतुसात दाब खरंच वाढतो. काडतुसं सावलीतच ठेवा.

आणि एक, गारठ्यातून उबदार खोलीत आणलेल्या बंदुकीला दव सुटतं. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ती पिशवीतच राहू द्या. मग कोरडी पुसा, पातळ तेलाचा हात फिरवा.