भीमा-सीनेच्या संगमावरची मराठी ओळ

मागच्या वेळी आपण सोलापूर जिल्ह्याचा नकाशा पाहिला, आज एकाच ठिकाणी थांबू. भीमाशंकरला उगम पावलेली भीमा पंढरपूर ओलांडून येते, अहिल्यानगरकडून सीना येते, आणि दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडलला दोघी भेटतात. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात दोन नद्यांचं पाणी एकत्र येणं म्हणजे मोठीच गोष्ट. देवळं इथं उभी राहिली ती उगाच नाही. ‘कुडल’ हा शब्द कन्नड आणि त्याचा अर्थ संगमच. म्हणजे ‘कुडल संगम’ म्हणताना आपण एकच गोष्ट दोनदा बोलतो!

इथल्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख आहे. त्यातली मराठी ओळ सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी उजेडात आणली. जो हे वाचील तो विजयी होईल, असा तिचा अर्थ. वाचीलऐवजी तिथं ‘वाछि’ आहे, होईलऐवजी ‘होईवा’.

मग प्रश्न येतोच, मराठीतला पहिला शिलालेख कोणता? श्रवणबेळगोळच्या ओळीत शक कोरलेला नाही. अक्षीचा लेख काही अभ्यासक शके ९३४ चा मानतात. वाद चालू राहील, राहू द्या. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. तेव्हा राज्य कल्याणीच्या चालुक्यांचं, आणि इथले जुने लेख बहुतेक कन्नड. पुढच्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात वचनं रचली तीही कन्नडमध्येच. अशा ठिकाणी कोरणाऱ्यानं एक ओळ मराठीत लिहिली, म्हणजे ती समजणारं कुणीतरी या वाटेनं येत-जात होतं. राजांच्या वंशावळी हे सांगत नाहीत.

शेजारचं हरिहरेश्वर मंदिर तर मातीखालीच गेलं होतं. माती उपसल्यावर त्यात साडेतीनशेहून अधिक मुखं कोरलेलं शिवलिंग मिळालं. तोवर ते निव्वळ टेकाड होतं.

भीमाकाठच्या गावांतून फिरताना वेशीतल्या दगडांना ऑइलपेंट फासलेला दिसतो. भक्तीनंच फासतात, पण अक्षरं बुजतात ती बुजतातच. तुमच्या गावी असा दगड असेल तर खरवडू नका, खडूनं अक्षरंही गिरवू नका. सकाळी ऊन तिरकं असताना फोटो काढा. उठाव तेव्हाच दिसतो.