धारणीचीं आवर्तनें व मध्यस्थित सरासरी

सातारा प्रांतींच्या धान्याच्या धारणीचा किंवा सांगलीच्या हळदीच्या भावांचा तक्ता कालानुक्रमें मांडला, म्हणजे त्यांतील चढउतार पाहून अभ्यासकास सहज मोह पडतो कीं, यांत कांहीं ठराविक आवर्तन दडलेलें असावें. तें हुडकण्याची जी रीत शेअरबाजारांत मान्यता पावली आहे, ती म्हणजे मध्यस्थित चल सरासरी. अमेरिकेंतील जे. एम. हर्स्ट यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत शेअरांच्या भावांतील आवर्तनें शोधण्यास तिचाच उपयोग केला. इतिहासाच्या साधनांस ती लावल्यास काय पदरांत पडतें, एवढेंच येथें पाहणें आहे.

रीत सोपी आहे. लागोपाठच्या पांच वर्षांच्या भावांची सरासरी करून ती तिसऱ्या वर्षासमोर लिहावी. मग पहिलें वर्ष सोडून सहावें घ्यावें, व असेंच पुढें चालावें. हीच सरासरी पांचव्या वर्षासमोर लिहिली तर महागाईचें शिखर दोन वर्षें उशिरां दिसतें. मध्यभागीं लिहिल्यानें तें आपल्या ठिकाणीं राहतें. या संथ रेषेपासून प्रत्यक्ष भाव किती वर-खालीं जातो तें मोजलें, कीं लहान आवर्तनें निराळीं निघतात, असा या रीतीचा दावा आहे.

परंतु आपल्याकडील निरख वाचतांना एक अडचण आधींच उभी राहते. जुनी धारण रुपयास इतके शेर अशी सांगितलेली असते. समजा, एका वर्षीं रुपयास ४० शेर ज्वारी मिळाली व दुसऱ्या वर्षीं १० शेर. सरासरी २५ शेर, म्हणजे १०० शेरांस ४ रुपये. हाच हिशेब रुपयांत मांडला, तर १०० शेरांस पहिल्या वर्षीं अडीच रुपये व दुसऱ्या वर्षीं दहा, सरासरी सव्वासहा! शेरांच्या सरासरींत सुकाळाचें वर्ष दुष्काळास झांकून टाकतें. म्हणून धारण आधीं रुपयांत उलटून घ्यावी व मगच सरासरी करावी, असें आमचें मत आहे.

दुसरी अडचण तिथींची. हंगामाचा चढउतार काढून टाकण्यास बारा महिन्यांची सरासरी घेतात. ती सहाव्या व सातव्या महिन्यांच्या मधोमध पडते, म्हणून तेरा महिने घेऊन दोन्ही टोकांच्या महिन्यांस निम्मेंच वजन देतात. पण बारा चांद्रमासांचें वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें, आणि अधिक मासाच्या वर्षीं महिने तेरा. हळद मात्र सूर्याच्या गतीनेंच पिकते. तिथींच्या नोंदी सौर तारखांत बसविल्यावांचून ही सरासरी लावली, तर हंगाम निघून जात नाहीं; तो दरसाल सरकत राहून लांब आवर्तनाचा भास मात्र उत्पन्न करतो.

आवर्तनाचा हा ध्यास नवा नाहीं. १८७६–७८ च्या दुष्काळांत, ज्यांत माण-खटावकडील कोरड्या मुलखाचे अतोनात हाल झाले, विल्यम हंटर यांनीं १८७७ सालीं दक्षिणेकडील अवर्षणाचा संबंध सूर्यावरील डागांच्या सुमारें अकरा वर्षांच्या फेऱ्याशीं जोडणारी पुस्तिका काढली. त्याच सुमारास जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञांनीं दिल्लीच्या गव्हाच्या जुन्या भावांत तोच फेरा पाहिला. या वादांत केवळ गणिताचा प्रश्न नव्हता. दुष्काळ आकाशांतील फेऱ्यानें येतो असें एकदां ठरलें, म्हणजे सारा, निर्यात व मदतकार्य यांचा जाब विचारण्याचें कारण उरत नाहीं.

दक्षिणेंतील मोठे दुष्काळ नुसते ओळीनें लिहिले तरी अकराचा आंकडा टिकत नाहीं: १७९१–९२, १८०२–०४, १८२४, १८७६–७८, १८९६–९७, १८९९–१९००. यांतील १८०२–०४ च्या महागाईचें मूळ पावसाइतकेंच होळकरांच्या स्वारींत आहे. मात्र सरासरीच्या रेषेवर लढाई व अवर्षण यांचा आकार एकच. भाव सदा १०० असून एकाच वर्षीं ३०० झाला, तर पंचवार्षिक सरासरी ओळीनें पांच वर्षें १४० दाखविते. एका वर्षाचा सुळका पांच वर्षांचें पठार होतो. आणि १८९६–९७ व १८९९–१९०० हे दोन निराळे दुष्काळ त्या पठारांत मिसळून एकच होतात.

याहून मोठा धक्का मॉस्कोच्या स्लुट्स्की यांनीं १९२७ सालीं दिला. सरकारी सोडतींत निघालेल्या क्रमांकांचे शेवटचे अंक घेऊन त्यांनीं दहा-दहांच्या चालत्या बेरजा केल्या. निव्वळ योगायोगाच्या त्या अंकांतून जी लाट उठली, ती एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडच्या व्यापाराच्या तेजीमंदीशीं विलक्षण जुळली! म्हणजे सरासरींतून निघालेलें आवर्तन कित्येकदां सरासरीनेंच घडविलेलें असतें. ज्याला फेरा सिद्ध करावयाचा आहे, त्यानें खिडकीची लांबी बदलून तो टिकतो कीं नाहीं हें तरी दाखविलें पाहिजे.

तरीही सांगलीच्या हळदीच्या बाबतींत आवर्तनास आधार आहे, व तो आंकड्यांबाहेरचा आहे. भाव चढला कीं पुढील हंगामांत लावण वाढते, आणि तो माल बाजारांत येईतों भाव उतरलेला असतो. शिवाय हरिपूरच्या जमिनीखालील पेवांत हळद वर्षानुवर्षें राहत असल्यामुळें एका वर्षाची टंचाई मागील साठ्यानें भागे. २००५ च्या महापुराचें पाणी शिरून त्यांतील पुष्कळ पेवें निकामी झालीं. त्या सालाच्या अलीकडील व पलीकडील भाव एकाच खिडकींत घालून सरासरी काढणें आम्हांस रास्त वाटत नाहीं.

मध्यस्थित सरासरीस दोन्ही बाजूंचीं वर्षें लागतात. म्हणून ती मुळांत इतिहासकाराची रीत आहे, सट्टेवाल्याची नव्हे. आजच्या दिवशीं उभा असलेल्यास पुढील अर्धी खिडकी उपलब्ध नसते, आणि त्याची रेषा नेमकी जेथें गरज असते तेथें तुटते. १९३६ सालीं साताऱ्यांत स्थापन झालेल्या युनायटेड वेस्टर्न बँकेच्या शेअरांवर ही रीत कोणी चालविली, तर तेंच दिसेल. २ सप्टेंबर २००६ रोजीं बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध आले, आणि ऑक्टोबरच्या आरंभीं ती आय. डी. बी. आय. बँकेंत विलीन झाली. भावांची मालिका तेथेंच संपली. पन्नास आठवड्यांची मध्यस्थित सरासरी घेतली, तर तिची रेषा त्याच्या सुमारें सहा महिने आधींच थांबते. ठेवीदार व भागधारक यांचे ते शेवटचे महिने कसे गेले, हें समजण्यास रोजचे कच्चे भाव, बँकेचे ताळेबंद आणि त्या दिवसांचीं सातारची वर्तमानपत्रें हींच चाळलीं पाहिजेत.