दोन पट्ट्यांचं एक कूळ

भिवापूरची मिरची विकली की शेतकऱ्याच्या हातात आडत्याचा कागद पडतो. वजन, दर, हमाली, तोलाई, खाली उरलेली रक्कम. त्या कागदाला पट्टी म्हणतात. दुकानाच्या कपाळावर लाल अक्षरं सरकवणारा बोर्ड, टीव्हीच्या तळाशी पळणाऱ्या बातम्या, त्याही पट्टीच.

या पट्ट्या एका कुळातल्या आहेत, हे मला भास्कराचार्यांकडे उमगलं. ११५०च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त त्यांनी फलकयंत्र सांगितलं आहे: आडव्या रेषा आखलेली चौकोनी फळी, तिच्यात खुंटी आणि खुंटीभोवती फिरणारी पट्टिका. सूर्याची उंची धरायची नि वेळ काढायची. फलक आणि पट्टी एकाच यंत्रात! आपला फळा, फळी हीसुद्धा फलकाचीच लेकरं. आकाशवाचक 'फलक' मात्र अरबी. त्याच्या मुळाशी गोलाई आहे, आपला फलक सपाट. नातं जोडू नये.

खरा वाद पट्टीचा. घरपट्टी, पाणीपट्टी हे कर. म्हणून आडत्याची पट्टी कापून घेतलेल्या पैशांवरून आली, असं कुणी म्हणेल. मला ते उलटं वाटतं. आधी नोंदीची लांबट पट्टी, मग तिच्यावर मांडलेल्या वसुलीला तेच नाव. कापडाची पट्टी घ्या, लाकडाची घ्या. लांबट आकार कुठेच सुटत नाही. जुन्या अंकगणिताला 'पाटीगणित' म्हणत; त्या शब्दातली पाटी म्हणजे लिहायची पाटी की परिपाटी, यावर पंडित भांडतात. मी लिहायच्या पाटीकडून आहे.

विजेचा भाग थोडक्यात. १९२८मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये दिव्यांची बातमीपट्टी फिरू लागली. १९६२मध्ये निक होलोन्याक यांनी लाल एलईडी उजळवला. आज दुकानदार ज्याला पी-टेन म्हणतात, त्या सरकत्या बोर्डाच्या एका तुकड्यात ३२ गुणिले १६, म्हणजे ५१२ दिवे असतात, दोन दिव्यांत १० मिलिमीटर अंतर. एका क्षणी बहुधा चौथाई ओळीच पेटतात. बाकीचं अक्षर आपला डोळा जोडतो. भास्कराचार्यांच्या फळीवर पट्टी फिरे, इथे दिवे जागेवरच राहतात आणि अक्षर चालतं.

भौगोलिक मानांकन मिळालेल्या भिवापुरी मिरचीचा दिवसाचा दर बाजाराच्या दारावरच्या अशा पट्टीवर सकाळपासून पळू द्या. संध्याकाळी हातात पडलेली पट्टी शेतकरी वरच्या पट्टीशी ताडून पाहील.