क्रमबद्ध सारणीचे पुनरागमन : सी प्लस प्लस भाषेतील 'फ्लॅट मॅप'चा इतिहास

प्रस्तावना

संगणकविज्ञानाचा इतिहास सामान्यतः नवनव्या शोधांची मालिका म्हणून सांगितला जातो. जुनी पद्धती मागे पडते व तिची जागा अधिक प्रगत पद्धती घेते, असे त्या कथनाचे स्वरूप असते. सी प्लस प्लस भाषेतील 'मॅप' या विदासंरचनेचा इतिहास मात्र या समजुतीला छेद देतो. शोधपद आणि त्याचे मूल्य अशा जोड्या साठवून शोधपदावरून मूल्य मिळवून देणारी रचना म्हणजे मॅप. हजेरी क्रमांकावरून विद्यार्थ्याचे नाव काढणे, हे तिचे साधे उदाहरण होय. १९९८ च्या मानकात ही रचना व्यवहारतः वृक्षरूपाने आली. २०२३ च्या आवृत्तीत तिच्या शेजारी क्रमबद्ध सारणीवर, म्हणजे 'व्हेक्टर'वर, उभा असलेला 'फ्लॅट मॅप' आला. वृक्षाहून जुनी असलेली सारणी वृक्षानंतर पुन्हा का आली आणि त्यास पंचवीस वर्षे का लागली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सारणीकडून वृक्षाकडे

क्रमाने लावलेल्या यादीच्या मध्यावर पाहावे, नको तो अर्धा भाग सोडावा आणि उरलेल्या भागात पुन्हा तेच करावे, ही द्विभाजन शोधाची पद्धती. जॉन मॉकली यांनी १९४६ मध्ये मूर स्कूलमधील व्याख्यानांत तिचा उल्लेख केला होता. या पद्धतीने हजार नोंदींत हवी ती नोंद जास्तीत जास्त दहा तुलनांत सापडते. अडचण येते ती नवी नोंद घालताना. अकारविल्हे लिहिलेल्या वहीत मध्येच एक नाव घालायचे झाल्यास पुढची सर्व नावे एकेक ओळ खाली सरकवावी लागतात.

या अडचणीवर समतोल वृक्षांनी उत्तर दिले. १९६२ मध्ये अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी, १९७२ मध्ये रुडॉल्फ बायर यांनी व १९७८ मध्ये गिबास आणि सेजविक यांनी अशा रचना मांडल्या. अखेरच्या दोघांनी रूढ केलेले 'रेड-ब्लॅक' वृक्षाचे नाव आजही पाठ्यपुस्तकांत आहे. वृक्षात प्रत्येक नोंद स्वतंत्र ठिकाणी असते आणि पुढील नोंदींचे पत्ते स्वतःजवळ बाळगते. त्यामुळे नवी नोंद घालताना सरकवासरकव करावी लागत नाही.

ॲलेक्झांडर स्टेपनॉव्ह व मेंग ली यांची 'स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी' १९९४ मध्ये मानक समितीने स्वीकारली आणि १९९८ च्या मानकाचा ती भाग झाली. मॅप वृक्षच असावा, असे मानक म्हणत नाही. मात्र शोध, भर आणि वगळणे या तिन्ही क्रिया नोंदसंख्येच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात व्हाव्यात आणि इतर नोंदी घातल्या वा काढल्या तरी एखाद्या नोंदीची जागा हलू नये, अशी आश्वासने ते देते. ही सर्व आश्वासने एकत्र पाळायची, तर समतोल वृक्षावाचून व्यवहार्य पर्याय उरत नाही.

बदललेले गृहीतक

वृक्षाच्या या हिशेबात एक गृहीतक दडलेले होते. मेमरीतील कोणतीही जागा वाचण्यास सारखाच खर्च येतो, असे मानून केवळ तुलना मोजल्या जात होत्या. पुढे प्रोसेसरचा वेग मेमरीच्या वेगापेक्षा फार झपाट्याने वाढला. १९९५ मध्ये वुल्फ आणि मॅकी यांनी या दरीस 'मेमरी वॉल' असे संबोधले. ही दरी सुसह्य करण्यासाठी प्रोसेसरजवळ लहान पण वेगवान कॅश मेमरी असते आणि ती शेजारशेजारचे बाइट एकदम उचलते. प्रचलित प्रोसेसरांत हा घास बहुधा ६४ बाइटांचा असतो.

शोधपद व मूल्य प्रत्येकी ४ बाइटांचे आहे, असे समजू. सारणीत एक जोडी ८ बाइट घेते, म्हणजे हजार जोड्यांना ८,००० बाइट पुरतात. ६४ बिटांच्या यंत्रावरील प्रचलित रेड-ब्लॅक वृक्षात तीन पत्ते व रंगाची खूण यांसाठी प्रत्येक नोंदीमागे आणखी ३२ बाइट लागतात. म्हणजे हजार नोंदींना किमान ४०,००० बाइट झाले. प्रोसेसरच्या सर्वांत जवळची कॅश ३२ किलोबाइटांची असल्यास सारणी तिच्यात सहज मावते, वृक्ष मावत नाही. शिवाय वृक्षाच्या नोंदी विखुरलेल्या असल्याने प्रत्येक पायरीवर नव्या ठिकाणी जावे लागते. तुलना जवळपास तेवढ्याच राहतात, परंतु प्रत्येक तुलनेची किंमत बदलते.

अनुभवाकडून मानकाकडे

ही जाणीव प्रथम व्यवहारात काम करणाऱ्यांना झाली. मॅट ऑस्टर्न यांनी २००० मध्ये वृक्षाधारित 'सेट'ऐवजी क्रमबद्ध व्हेक्टर वापरावा, असा लेख लिहिला. २००१ मध्ये स्कॉट मायर्स यांनी 'इफेक्टिव्ह एसटीएल' या ग्रंथात तसाच सल्ला दिला. त्याच वर्षी आंद्रेई अलेक्झांड्रेस्कू यांच्या 'लोकी' लायब्ररीत 'असोकव्हेक्टर' या नावाने अशी रचना उपलब्ध झाली. २०११ मध्ये 'बूस्ट कंटेनर' लायब्ररीतून 'फ्लॅट मॅप' हे नाव व्यापक वापरात आले. तरीही १९९८ चा मॅप बदलणे शक्य नव्हते. नोंदीची जागा हलणार नाही, या आश्वासनावर असंख्य आज्ञावल्या विसंबून होत्या. म्हणून जुन्या रचनेस धक्का न लावता दुसऱ्या नावाने दुसरी रचना द्यावी लागली. मानकातील फ्लॅट मॅप शोधपदे एका व्हेक्टरमध्ये व मूल्ये दुसऱ्या व्हेक्टरमध्ये ठेवतो. शोध घेताना मूल्यांना स्पर्शच होत नाही.

मात्र सारणीची मूळ उणीव नाहीशी झालेली नाही. यादृच्छिक क्रमाने एकेक करून एक लाख नोंदी घातल्यास सुमारे २५० कोटी वेळा नोंदी सरकवाव्या लागतात. नवी नोंद येताच जुन्या नोंदींचे पत्तेही निरुपयोगी ठरू शकतात. एकदा भरावे, क्रम लावावा आणि नंतर वारंवार वाचावे, अशा कामासच ही रचना योग्य होय. सतत भर आणि वगळणी चालणाऱ्या मोठ्या संग्रहासाठी वृक्षच सरस ठरतो.

समारोप

वृक्ष स्वीकारणारे चुकले होते, असा या इतिहासाचा अर्थ नाही. त्यांच्या काळच्या यंत्राशी त्यांचा हिशेब सुसंगत होता. पुढे यंत्र बदलले, हिशेब मात्र पाठ्यपुस्तकात तसाच राहिला. आपल्या वर्गांत आजही तुलनांची संख्या शिकवून विषय संपवला जातो आणि वृक्ष सारणीहून 'प्रगत' आहे, असा समज घेऊन विद्यार्थी बाहेर पडतो. विदासंरचनेसोबत तिच्यामागील यंत्राचे गृहीतक व त्याचा काळही शिकवला, तरच 'कोणती रचना श्रेष्ठ' याऐवजी 'कोणत्या कामासाठी, कोणत्या यंत्रावर' हा अधिक योग्य प्रश्न विद्यार्थी विचारू लागेल.