वत्सगुल्मचा ताम्रपट आणि शब्दजुळणीचा प्रश्न

वाशीम (प्राचीन वत्सगुल्म) येथे 1939 मध्ये उजेडात आलेला वाकाटक नृपती द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट द्वैभाषिक आहे. चौथ्या शतकातील या दानपत्रात वंशावळ संस्कृतात, तर दानाचा तपशील प्राकृतात येतो. मात्र एक भाग दुसऱ्याचा अनुवाद नव्हे, आणि संगणकीय शब्दजुळणीची अडचण नेमकी येथेच आहे. पीटर ब्राउन व सहकाऱ्यांनी 1993 मध्ये मांडलेल्या सांख्यिकी प्रारूपांना वाक्यागणिक अनुवाद लागतो. कॅनडाच्या संसदीय कामकाजातून त्यांना तो इंग्रजी-फ्रेंचमध्ये आयताच लाभला.

तथापि द्वितीय प्रवरसेनाच्या चम्मक (जि. अमरावती) ताम्रपटात ग्रामदानाच्या सवलती संस्कृतात आहेत. सैनिकांना गावात प्रवेश नाही, फुले व दूध घ्यावयाचे नाही, ही कलमे दोन्ही पटांत आढळतात. अनुवाद नसताही शब्दांच्या सहवासावरून प्रतिशब्द शोधण्याचा मार्ग राइनहार्ड रॅप यांनी 1995 मध्ये सुचविला. त्या मार्गाने 'भट-भड', 'क्षीर-खीर' या जोड्या तत्त्वतः हाती याव्यात. परंतु मोजक्या पत्र्यांवरील मजकुरात गणनेला पुरेशी आवृत्तीच नाही. (मराठी वाचकाला 'खीर' ओळखण्यास गणना लागत नाही, हे वेगळे.) 'ट'चा 'ड' होण्याचा नियम मात्र वररुचीच्या 'प्राकृतप्रकाशा'त पूर्वीच नोंदलेला असून, अशा अल्प साहित्यात तोच अधिक विश्वसनीय ठरतो.