वनरक्षणाचा हुकूम आणि वनरक्षणाचे काम



सागवान म्हटले की आपणांस जुन्या वाड्यांचे खांब आणि तुळया आठवतात. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात इंग्रज सरकारला सागवान म्हटले की जहाजे आठवत. मलबारच्या आणि कोकणाच्या बाजूचा चांगला साग तुटत चालला, तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. गिब्सन यांना वनांचे संरक्षक नेमण्यात आले. पण आजची कथा त्यांची नव्हे. ती आहे ब्रह्मदेशातल्या पेगू प्रांताची. तिचा शेवट मात्र आपल्याच गडचिरोलीत होतो.

पेगू १८५२ साली इंग्रजांनी घेतले. १८५५ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने तेथील वनांविषयी धोरण लिहून काढले. साग ही सरकारची मालमत्ता, आणि ती बेतानेच वापरावयाची, असा त्याचा मथितार्थ. धोरण उत्तम होते. पण उद्या सकाळी उठून कोणी काय करावयाचे, हे त्यात कसे असणार? किती झाडे आहेत हेच जेथे कोणास ठाऊक नाही, तेथे बेत कशाचा करावयाचा?

हे काम १८५६ साली डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या अंगावर पडले. त्याने काय केले ते ऐकण्यासारखे आहे. तो हत्तीवर बसून रानातून निघे. त्या ओल्या, दाट रानात वही-दौत चालण्यासारखी नव्हती. म्हणून डाव्या हातात बांबूच्या चार काठ्या आणि उजव्या हातात चाकू. घेराप्रमाणे सागाचे चार वर्ग पाडलेले; सहा फूट आणि त्याहून अधिक घेराचे झाड पहिल्या वर्गाचे. झाड दिसले की त्या वर्गाच्या काठीवर एक खाच. संध्याकाळी मुक्कामावर खाचा मोजावयाच्या आणि कागदावर उतरवावयाच्या. आपला गवळी भिंतीवर दुधाच्या रेघा ओढतो, त्याहून ही रीत फारशी निराळी नाही. आणि मला तरी तिच्यात कमीपणा वाटत नाही.

या खाचांतून पुढचा हिशेब निघाला. दुसऱ्या वर्गाचे झाड पहिल्या वर्गात यावयास सुमारे २४ वर्षे लागतात, असा अदमास त्याने बांधला. मग नियम सोपा झाला: पहिल्या वर्गाच्या झाडांपैकी चोविसावा हिस्साच एका वर्षात तोडावयाचा. तोवर मागची पिढी तयार होते. मुद्दल राखून व्याजावर प्रपंच करण्याचीच ही रीत.

पण नियम पाळला जातो की नाही, हे पाहावयाचे कसे? येथे सागाचा एक गुण कामी आला. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून बुंध्याभोवती साल आणि तिच्याखालचे कोवळे लाकूड कोरून झाड उभेच वाळू देत. दोन-तीन वर्षांनी ते पाडत, आणि हत्तींनी ओढून ओढ्यात टाकलेले ओंडके पावसाळ्यात वाहत जात. ब्रँडिसने हे कोरण्याचे काम वनखात्याच्या हाती ठेवले. कोरलेले झाड तेवढे ठेकेदाराचे; न कोरलेल्याला हात लावावयाचा नाही. डोंगरातले करेन लोक फिरती शेती करीत. त्यांनी भाताबरोबर साग लावावा, निंदणी करावी, आणि काही वर्षांनी पुढच्या तुकड्याकडे जावे, अशी व्यवस्थाही बसविली. तिला टौंग्या म्हणतात. फिरती शेती हे त्यांच्या जगण्याचे साधन असल्याने हा सौदा बरोबरीचा होता असे म्हणवत नाही.

१८६४ साली ब्रँडिस साऱ्या हिंदुस्थानच्या वनांचा मुख्य अधिकारी झाला. वर्षावर्षाच्या कामाचा लेखी आराखडा, म्हणजे ‘वर्किंग प्लॅन’, हळूहळू प्रत्येक राखीव रानाला आला.

आता दुसरी बाजू. १८७८ चा वनकायदा झाला, त्यात राखीव आणि संरक्षित वनांबरोबर ग्रामवनांचेही एक प्रकरण होते. गावांना त्यांची स्वतःची राने असावीत, हे ब्रँडिसचेही मत होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने तर या कायद्यास हरकत घेऊन, खेडुतांस विश्वासात घेतल्यास रान अधिक सुखाने राखले जाईल, असे सरकारास कळविले. झाले काय? राखीव रानाला गार्ड मिळाला, हद्दीचे दगड मिळाले, आराखडा मिळाला, नोंदवही मिळाली. ग्रामवनाला यातले काही मिळाले नाही. ते प्रकरण बहुतेक ठिकाणी छापील पानावरच राहिले. गावाच्या वाट्याला आली ती गुरे अडविणारी हद्द. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात वनखात्याविषयीचा जो संताप आहे तो याच हद्दीवरचा आहे.

ही चूक दुरुस्त व्हावयास सव्वाशे वर्षे लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांचा सामूहिक हक्क मान्य केला, आणि २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर रानावर तो मिळाला. तरीही बांबू विकण्याचा प्रश्न अडलाच; कारण हक्क गावाचा, पण माल नेण्याचा परवाना देणारे वनखाते! एका कोऱ्या पुस्तकासाठी सारे थांबले होते. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री मेंढ्याला आले, आणि वाहतूक परवान्यांचे ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. त्यानंतर आपल्या बांबूचा परवाना ग्रामसभा स्वतः लिहू लागली.