खोट्या दाखल्याची शेती

कामशेतहून पवनानगरकडे वळलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 'फार्म हाऊस'च्या पाट्या दिसू लागतात. एवढे शेतकरी एकदम आले कुठून, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

या प्रश्नाचं मूळ १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यात आहे. 'कसेल त्याची जमीन' हे त्यामागचं तत्त्व. त्याच्या कलम ६३ प्रमाणे, जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शेती पैसेवाल्यांच्या घशात जाऊ नये, हा हेतू. पुढे २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मावळ मुंबईचं अंगण बनलं. जमीन हवी, पण सातबारा नाही. मग दूर कुठल्यातरी गावचा दाखला आणायचा!

सगळ्यात गाजलं ते अमिताभ बच्चन यांच्या पवना परिसरातल्या जमिनीचं प्रकरण. शेतकरी असल्याचा आधार होता उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी जिल्ह्यातल्या दौलतपूरची नोंद. जून २००७ मध्ये फैजाबादच्या महसुली न्यायालयाने ती नोंद बनावट ठरवली. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने मात्र बच्चन यांनी स्वतः फसवणूक केलेली नाही, असा निर्वाळा दिला. तरी एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. तिकडच्या एका नोंदीवर इकडची जमीन उभी असते.

आता शिक्षेचं बघा. दस्त नोंदवताना जाणूनबुजून खोटं सांगितलं तर १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मला जास्त अस्वस्थ करतं ते कुळकायद्याचं कलम ८४क. व्यवहार अवैध ठरला की जमीन सरकारजमा. एवढंच नाही, विकणाऱ्याला मिळालेली किंमतही जप्त, आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते! तीन महिन्यांत जमीन पूर्ववत करून देण्याची लेखी हमी दोघांनी दिली आणि पाळली, तरच सुटका. म्हणजे खोटं बोलला घेणारा, तरी पोळला जातो विकणाराही. आणि तो बहुधा आपल्यातलाच कुणी, मुलीच्या लग्नासाठी तुकडा विकणारा.

शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा गोतसभेपुढे यायचा. शेजारपाजारची गावं, बलुतेदार साक्षीला बसायचे आणि निवाड्याच्या महजरावर आपापली निशाणी करायचे. कुणबी नांगराची. प्रसंगी उकळत्या तेलातून धातूचा रवा काढायचं दिव्यही करावं लागे. ते अघोरीच, परत यावं असं कोण म्हणेल? पण नांगर कुणाचा हे सांगणारी माणसं तरी समोर असायची. आज त्यांच्या जागी शेकडो मैलांवरचा एक कागद असतो.

असो. गावाकडची जमीन विकायचं घरात चाललं असेल, तर भाव ठरवण्याआधी घेणाऱ्याचा सातबारा मागा. आणि तो ज्या गावचा असेल, त्या गावी जाऊन एकदा विचारा.